संपाची कणगी कोकणात होती



संप म्हटला की मुंबई डोळ्यांपुढे येते. परळचा नाका, लालबागची सभा, मुका झालेला भोंगा, गेटावर पोलीस. पुस्तके लिहिणाऱ्यांनीही तेवढेच लिहिले. पण सहा-सहा महिने संप चालला तेव्हा माणसे खात काय होती, हा साधा सवाल फार थोड्यांनी विचारला. भाषण ऐकून छाती भरते, पोट भरत नाही. पोटाला भात लागतो. तो भात कुठून येत होता हे रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगावे? राजापूर-लांज्यातून येत होता, संगमेश्वर-चिपळुणातून येत होता, खेड-दापोलीतून येत होता. बापूस गिरणीत आणि आवस शेतात, असा ज्यांचा अर्धा-अर्धा संसार होता त्यांच्या घरातली कणगी हीच संपाची तिजोरी होती. युनियनच्या पावतीपुस्तकात तिची नोंद सापडणार नाही.

हे आज काढायला कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता देशभर लागू केल्या. एकोणतीस जुने कायदे गुंडाळून त्यांच्या जागी चार. तारीख कोणी मुद्दाम शोधून काढली असे मी म्हणत नाही. पण ही तारीख मुंबईच्या कामगाराला नवी नाही. १९५५ साली याच दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी गिरण्या बंद ठेवून कामगार कौन्सिल हॉलवर निघाला होता आणि फ्लोरा फाउंटनपाशी त्याने छातीवर गोळ्या घेतल्या होत्या. बरोबर सत्तर वर्षांनी, त्याच तारखेला, संपावर नवे कुंपण आले.

कुंपण कसे आहे ते नीट समजून घ्या. कोणत्याही कारखान्यात संपाआधी नोटीस द्यायची आणि नोटिशीनंतर चौदा दिवस थांबायचे. पूर्वी केंद्राच्या कायद्यात ही सक्ती पाणी, वीज, दळणवळण अशा लोकोपयोगी सेवांपुरती होती. त्या चौदा दिवसांत समेटाची बोलणी सुरू झाली, की बोलणी चालू असेपर्यंत आणि संपल्यावर सात दिवस संप नाही. म्हणजे नोटीस द्यायची आपण आणि घड्याळ राहायचे दुसऱ्याच्या हातात! निम्म्या माणसांनी ठरवून एकाच दिवशी रजा टाकली तर तोही संपच धरला जाईल. आणि मालकाला काय? तीनशेपेक्षा कमी माणसांच्या कारखान्याला टाळे ठोकायला, माणसे काढायला सरकारची परवानगी नको. पूर्वी हा आकडा शंभर होता. कामगाराच्या पायात बेडी घातली तेव्हाच मालकाचे दार मोकळे केले, याला योगायोग म्हणायचे तर म्हणा.

मुंबईच्या गिरणीवाल्याला मात्र अशा कायद्याची ओळख जुनी आहे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी मुळापासून सुरुवात करू.

ताडदेवला कावसजी नानाभाई दावर यांची पहिली गिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढच्या पन्नास वर्षांत गिरण्यांची रांग लागली आणि त्या चालवायला माणूस आला तो मुख्यतः आपल्या जिल्ह्यातून. १९११च्या सुमारास मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे रत्नागिरीचे होते. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही आला, तो १९८१ साली वेगळा झाला. १९२१च्या खानेसुमारीत मुंबईत राहणाऱ्या दोन लाखांहून अधिक माणसांनी आपला जन्म रत्नागिरी जिल्ह्यातला सांगितला. हौस म्हणून कोणी बोटीत बसले नाही. जमीन खोताची, पीक निम्मे खोताचे, वर वेठ आणि नजराणा. डोंगरउतारावरची वरकस जमीन, नाचणी-वरी पिकवून किती पिकवणार? रोख पैसा हवा तर मुंबई.

आता यातली मालकाची गोम पाहा. गिरणीवाल्याने मजुरी दिली ती एका माणसाच्या पोटापुरती. बायको, म्हातारा-म्हातारी, पोरे हा खर्च त्याने गावावर टाकला. गाव पोसतो म्हणून पगार कमी. त्या कमी पगारातून पोटाला चिमटा घेऊन जी मनिऑर्डर गावी जाई, ती खोत आणि सावकार घेई. गिरणीचा मालक आणि गावचा खोत हे एकाच दोराचे दोन पीळ होते. कामगाराच्या मानेभोवती तो दोर दोन्हीकडून आवळला जात होता.

पण याच दोराने कधी कधी मालकही बांधला गेला. ज्याच्या मागे शेत आहे त्याला उपाशी मारणे सोपे नसते. गिरणी बंद पडली, गाळ्यात दहा-वीस जण दाटीवाटीने राहणारे गाववाले एक दिवस वळकटी बांधून भाऊच्या धक्क्यावर जात, बोट धरत, जयगडला, दाभोळला, हर्णैला उतरत आणि लावणीला उभे राहत. जे मुंबईत राहत त्यांना खानावळवाली बाई उधारीवर जेवू घालत होती. तिचा स्वतःचा नवरा वा भाऊ गिरणीतच. मालक तिजोरीवर बसून वाट पाही, कामगार कणगीवर बसून वाट पाही. असा तो सामना होता.

पहिल्या काळात संप म्हणजे एका गिरणीचे, एका खात्याचे भांडण. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये १८७७ साली मजुरीवरून काम थांबले, ती सुरुवातीच्या नोंदींपैकी एक. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे उभे राहिले. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजातला हा माणूस, स्वतः गिरणीत नोकरी केलेला, ‘दीनबंधु’ चालवणारा. त्यांनी संपापेक्षा सभा आणि अर्ज यांवर भर दिला. १८८४ साली साडेपाच हजारांच्या आसपास सह्यांचा अर्ज सरकारकडे गेला. १८९०च्या एप्रिलात महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा भरली, त्या सभेत दोन बायका उभ्या राहून बोलल्या. १८९० साली, लक्षात घ्या! जूनमध्ये मालकांनी रविवारची सुट्टी कबूल केली. आज गावच्या मंडळाची मीटिंग रविवारी भरते ती लोखंड्यांच्या पुण्याईने. हे मंडळाच्या किती चिटणिसांना ठाऊक आहे कोण जाणे.

मग आले १९०८. लोकमान्य टिळक जन्माने रत्नागिरीचे. २२ जुलैच्या रात्री त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली आणि दुसऱ्या दिवशी, म्हणजे त्यांच्या वाढदिवशीच, गिरण्या थांबल्या. सहा वर्षांना सहा दिवस. पगारवाढ नको, बोनस नको. आपला माणूस नेला म्हणून संप. लष्कर आले, गोळीबार झाला, माणसे पडली. त्या वेळी परदेशात असलेल्या लेनिनने या संपाची दखल घेऊन लेख लिहिला. हिंदुस्थानचा कामगार आता राजकारणात उतरला, हे लंडनच्या गोऱ्यांआधी त्याने ओळखले. आपल्याकडचे काही शहाणे मात्र अजून म्हणतात की गिरणीवाल्यांना टिळकांचे काय कळत होते, कोणीतरी चिथावले असेल. त्यांना सांगावे, बाबांनो, ज्याच्या खात्यात विजेचे दिवे लावून बारा-बारा, चौदा-चौदा तास राबवून घेतले जात होते त्याला जुलूम ओळखायला शाळा लागत नव्हती.

कामाच्या तासांची गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती आज फार जवळची झाली आहे. १९११च्या कायद्याने पुरुष कामगाराला गिरणीत दिवसाला बारा तासांची मर्यादा घातली. १९२०च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्या महिनाभर बंद राहिल्या तेव्हा बाराचे दहा झाले. पुढे लढत लढत आठवड्याचे ४८ तास आले, ते १९४८च्या कारखाना कायद्यात पक्के झाले. बारावरून खाली यायला एक पिढी खपली. आणि २०२५च्या सप्टेंबरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातले रोजचे तास नऊवरून बारापर्यंत नेण्याला मान्यता दिली! आठवड्याची मर्यादा तीच राहील, जादा कामाला जादा दर मिळेल, कामगाराची संमती घेऊ, असे सांगतात. ठेकेदाराच्या हाताखालचा पोरगा संमती कशी नाकारणार, हे तेवढे कोणी सांगत नाही.

१९२४ चा संप बोनससाठी झाला. दीड लाख माणूस दोन-अडीच महिने बाहेर राहिला आणि रिकाम्या हाताने परतला. पण दुसऱ्याच वर्षी मालकांनी पगारात साडेअकरा टक्के काट मारली तेव्हा तोच माणूस पुन्हा बाहेर पडला. सप्टेंबर ते डिसेंबर १९२५. शेवटी सरकारने कापडावरची अबकारी जकात उठवली आणि मालकांनी काट मागे घेतली. रिकाम्या हाताने परतलेला माणूस वर्षभरात उठून उभा राहतो, हे मालकांना कोड्यात टाकणारे होते. त्या कोड्याचे उत्तर त्यांच्या हिशेबाच्या वहीत नव्हते, ते भाताच्या खाचरात होते.

आणि १९२८! या संपाबद्दल आमच्या घराघरांत गोष्टी आहेत. मालकांनी काढले की विणकराने दोन सांच्यांऐवजी तीन चालवावे, त्रासणखात्यातही माणशी काम वाढवावे. यंत्र तेच, सूत हलके, तुटणारे, आणि माणसे कमी. एप्रिलात संप सुरू झाला. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद पडतात हे सगळ्यांना माहीत. बोटी चालू होत्या तोवर खूपशी माणसे गावी गेली. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन, आपला लाल बावटा, उभी राहिली. अध्यक्ष आळवे, स्वतः गिरणीत राबलेले, सरचिटणीस डांगे. ना. म. जोशी यांची जुनी युनियन वेगळ्या मताची, पण संपसमितीत दोघे एकत्र बसले आणि सतरा मागण्यांवर सही झाली. दीड लाख माणूस ऑक्टोबरपर्यंत बाहेर होता. धान्याचे वाटप झाले, रशियातल्या कापड कामगारांनी पैसे पाठवले, तेव्हा सरकारने केवढा गहजब केला! मालकांना लँकेशायरची यंत्रे चालतात, कामगारांना मॉस्कोची मदत चालत नाही. शेवटी फॉसेट कमिटी नेमली गेली आणि माणसे मान ताठ ठेवून आत गेली. वर्ष सरायच्या आत युनियनचे सभासद पन्नास हजारांवर गेले.

त्या संपाचा एक डागही आहे, तो झाकून मी लिहिणार नाही. सांचाखात्यात, जिथे मजुरी सगळ्यांत चांगली, तिथे अस्पृश्य म्हटल्या गेलेल्या आपल्या भावांना प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाची सबब. ही बंदी मालकाने लिहून काढलेली नव्हती, ती आपल्याच सांचेवाल्यांनी पाळलेली होती. त्याच गावातून, त्याच बोटीने आलेला महारवाड्यातला माणूस त्रासणखात्यात कमी मजुरीवर राबे आणि संपाला मात्र सगळ्यांनी एक व्हायचे! डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपसमितीला स्पष्ट विचारले, सगळी खाती सगळ्यांना खुली करण्याची मागणी घालता की नाही? नाही तर माझ्या माणसांनी तुमच्याबरोबर का मरावे? पुढाऱ्यांनी नाखुशीने मागणी घातली. मालकांनी उलट टोमणा मारला, हा भेद तुमच्याच घरातला आहे. खोटे काय होते त्यात? लाल बावट्याचे नाव मी अभिमानाने घेतो, पण या प्रश्नाला हात घालायला बाबासाहेबांना यावे लागले, ही गोष्ट नोंदून ठेवलीच पाहिजे.

पुढच्याच वर्षी, मार्च १९२९ मध्ये, मीरत कटाच्या नावाखाली पुढारी उचलून नेले गेले आणि एप्रिलात पुन्हा सार्वत्रिक संप झाला. तो फसला. दुसऱ्या सहा महिन्यांसाठी कणगीत काही उरले नव्हते. जिंकलेल्या संपानंतर लगेच दुसरा पुकारणे ही मोठी चूक होती असे माझे मत आहे. वीरश्री ठीक, पण शेताला दोन हंगामांमध्ये जसा वेळ द्यावा लागतो तसा संपालाही द्यावा लागतो.

गिरणी आणि खोत हे एकच दुखणे आहे हे ज्यांनी ओळखले त्यांत बाबासाहेब पहिले. १९३७ च्या सप्टेंबरात त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचे बिल मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी कौन्सिल हॉलवर नेले. त्या मोर्च्यात कुणबी होते, महार होते, मराठे होते. गिरणगाव त्यांच्या स्वागताला होते, कारण तो मोर्चा त्यांच्याच चुलत्या-मामांचा होता. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळ चरीला, नारायण नागू पाटलांच्या पुढारीपणाखाली १९३३ पासून शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसायच्याच नाहीत म्हणून संप धरला होता. शेतकऱ्याचा संप! पीक ओसाड ठेवायचे, लाकूडफाटा विकून जगायचे, पण खोतापुढे वाकायचे नाही. सहा वर्षे. आपण गिरणीवाले सहा महिन्यांचा तोरा मिरवतो, चरीच्या बायकांपुढे तो जरा जपून मिरवावा. खोती कायद्याने गेली ती पुढे १९४९ च्या कायद्याने.

आता कुंपणाची गोष्ट. १९३८ साली मुंबई सरकारने औद्योगिक कलहाचे बिल आणले. अचानक संप बेकायदा, संप केला तर तुरुंग, बोलण्यांसाठी ठराविक मुदत थांबायचे. बिल आणणारे सरकार परक्यांचे नव्हते, काँग्रेसचे होते आणि त्याचे मुख्य बाळासाहेब खेर हे रत्नागिरीत जन्मलेले. सज्जन गृहस्थ, पण सज्जनाने घातलेली बेडीही बोचतेच. बाबासाहेबांनी विधिमंडळात मांडले की संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव आहे. माणूस गुलाम नसेल तर काम थांबवण्याची मोकळीक त्याला असलीच पाहिजे. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उतरले आणि एक दिवसाचा संप झाला. दहा वर्षांपूर्वी धोट्यावरून जे वेगळे पडले होते ते त्या दिवशी एका मंडपाखाली होते. बिल पास झाले ते झालेच. त्यावरच पुढे १९४६ चा कायदा उभा राहिला, ज्याने एका उद्योगात एकाच युनियनला बोलणी करण्याचा मक्ता दिला. हा मक्ता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे राहिला. सभासद कोणाच्याही पाठीमागे जावोत, कागदावर बोलणार तेच! नव्या संहितेत ५१ टक्के सभासद असलेल्या युनियनला असाच एकट्याने बोलण्याचा अधिकार दिला आहे. टक्के कोण मोजणार आणि कसे मोजणार, यावर डोळा ठेवा. आपल्या बापजाद्यांची चाळीस वर्षे याच मोजणीत गेली.

१९४६ च्या फेब्रुवारीत नौसैनिकांच्या बंडाला गिरणगावाने संप करून साथ दिली, दोनशेहून जास्त माणसे मुंबईत मारली गेली. १९५० साली बोनससाठी ६३ दिवस झाले, हाती काही आले नाही. १९५५-५६ तुम्हाला सांगायला नको. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० ला झाला. कामगार दिनाच्या दिवशी झाला, आणि त्यासाठी ज्यांनी रक्त सांडले त्यांत गिरणगावचे कामगार पुढे होते.

तर मग १९८२ ला काय झाले?

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंत. अडीच लाखांच्या आसपास कामगार. पगार वाढवा, बदलीवाल्याला कायम करा, तो १९४६ चा कायदा काढा. मागण्या रास्त होत्या, माणसे शूर होती, एकी अशी की वर्षभर गेटावर कोणी फिरकेना. गावानेही आपले काम केले. कोकणात, साताऱ्या-सांगलीला, कोल्हापूरला माणसे परतली आणि भावाने भावाला दोन घास दिले. तरी संप बुडाला. लाखाहून अधिक माणसांची नोकरी गेली. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. तो कागदावर अजून चालू आहे असे आपले म्हातारे म्हणतात आणि हसतात. ते हसणे ऐकवत नाही.

सामंतांना शिव्या घालणारे पुष्कळ आहेत. १९९७ साली त्यांचा खून झाला, मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मी एवढेच विचारतो, संप कशाने दुखतो? काम थांबल्याने मालकाचे नुकसान झाले तर दुखतो. १९२८ ला मालकाला कापड विकायचे होते, म्हणून बंद सांचा त्याला टोचत होता. १९८२ ला कापड भिवंडीच्या मागांवर विणून घेता येत होते. मुंबईत भोंगा बंद आणि भिवंडीत खटखट रात्रंदिवस चालू. मागावर बसलेला तो माणूसही मजूरच, आपल्यापेक्षा गरीब, त्याला युनियन नाही. त्याच्याकडे आपण वेळेवर गेलो नाही. आणि दुसरे, मालकाच्या पायाखाली मुंबईची जमीन होती. गिरणी चालू असण्यापेक्षा बंद पडलेली बरी, असे ज्या दिवशी त्याच्या लक्षात आले त्या दिवशी आपला संप हे त्याचेच हत्यार झाले. कणगी रिकामी होईपर्यंत त्याने फक्त वाट पाहिली. १९९१च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा तिसरा हिस्सा मोकळ्या जागेला आणि तिसरा घरांना असे ठरले होते. २००१ मध्ये तो नियम आक्रसून फक्त रिकाम्या जमिनीपुरता झाला आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्का मारला. चिमणीच्या जागी काचेचे बुरूज आले. घरांसाठी दीड लाखाहून अधिक अर्ज पडले, पहिली सोडत २०१२ ला निघाली, मिळाली ती थोड्यांना. बाकीच्यांना म्हणे शेलू-वांगणीला जा. ज्याच्या बापाने लोअर परळला जन्म घालवला त्याला कर्जतच्या वाटेवर घर! ते नको, मुंबईतच द्या, म्हणून २०२५ च्या जुलैत आझाद मैदानात माणसे बसली, त्यांत सत्तरी ओलांडलेल्या कितीतरी होत्या.

एसटीचा संप आठवा. २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत कोकणातल्या वाडीवाडीची गाडी बंद होती. चालक-वाहक आपलीच पोरे, कर्जात बुडालेली, काहींनी जीव दिले. नोव्हेंबरात पगारवाढ हाती आली होती. मग विलीनीकरणाशिवाय मागे हटायचे नाही म्हणून संप ताणला गेला आणि शेवटी हायकोर्टाने तारीख दिली तेव्हा माणसे कामावर गेली. पगारवाढ घेऊन, युनियन शाबूत ठेवून, पुढच्या फेरीची तयारी करायला हवी होती असे मला तेव्हाही वाटत होते. १९२५ आणि १९२८ वाल्यांना हे कळत होते की आत जाणे म्हणजे हरणे नव्हे.

आज आपल्या जिल्ह्यात गिरणीचा चाकरमानी उरला नाही, पण चाकरमानी आहेच. मिरकरवाड्याच्या बंदरात मच्छीमार बोटीवरचा खलाशी नेपाळहून येतो. हापूसच्या बागेत राखणीला झोपडी टाकून राहणारे कुटुंब नेपाळचे असते. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांत ठेकेदाराची माणसे उत्तर प्रदेश-बिहारची असतात आणि खेड-चिपळूणची पोरेही त्याच ठेकेदाराच्या मस्टरवर असतात. तो खलाशी महिन्याअखेर डोंगरातल्या आपल्या गावी पैसे पाठवतो. त्याची आई तिथे मका-कोदो पिकवते. मालक त्याला एका माणसाची मजुरी देतो. ओळखीची वाटते की नाही ही गोष्ट? तो म्हणजे शंभर वर्षांपूर्वीचा आपला आजाच, फक्त टोपी वेगळी.

आणि आपण काय म्हणतो? हे परके आले, यांनी मजुरी पाडली. मराठी राज्यासाठी ज्यांनी जीव दिले त्यांचे नाव घेऊन हे बोलले जाते तेव्हा मला राग येतो. १९५५ चे भांडण मुंबईतल्या गुजराती, तेलुगू की उत्तरेच्या मजुराशी नव्हते. मुंबई ज्यांना आपल्या थैलीत ठेवायची होती त्यांच्याशी ते होते. मजुरी परका पाडत नाही, ठेकेदार पाडतो. धोट्यावरून आपण एकदा फुटलो, भिवंडीच्या मागावाल्याला विसरून एकदा बुडालो. आता भाषेवरून फुटलो तर मालक पंगतीला बसून टाळ्या वाजवील.

राहिली कणगी. ती आज खरोखर रिकामी आहे. खाचरे पड आहेत, तरणी माणसे ठाणे-विरारला, तांदूळ रेशनच्या दुकानातून. कोकणच्या गावाने पुढचा संप पोसावा ही अपेक्षा खुळी आहे. पण एक गोष्ट आपल्याकडे अजून आहे. मुंबईत आपल्या प्रत्येक गावाचे, वाडीचे मंडळ आहे. गाळ्यांतून उभी राहिलेली ही मंडळे. ती देवळाच्या जीर्णोद्धाराला लाखो रुपये उभे करतात, शिमग्याच्या पालखीला करतात, गणपतीला गाड्या सोडतात. हिशेब चोख, पैसा वेळेवर, वर्गणी चुकवायची कोणाची छाती नाही. देवळाला द्या, जरूर द्या. पण त्याच वहीत एक वेगळे खाते उघडायला काय हरकत आहे? ज्याच्या कारखान्याला टाळे लागले, जो चौदा दिवसांच्या नोटिशीत अडकला, ज्याचे नाव ठेकेदाराने एका फोनवर उडवले, त्याच्या घरी दोन महिने तांदूळ जाईल एवढेच ते खाते. माणशी महिन्याला पन्नास रुपये. आणि त्या खात्यातून आपल्या गावच्या बंदरावरच्या, बागेतल्या परप्रांतीय मजुरालाही मिळेल, असे ठरावात लिहून ठेवायचे.

काही जण म्हणतील, मंडळात राजकारण आणू नका. लोखंड्यांना हेच सांगितले होते, आंबेडकरांनाही हेच सांगितले होते. शिमग्याच्या आधी बहुतेक मंडळांची सर्वसाधारण सभा भरते, पालखीच्या खर्चाचा विषय निघतो. त्याच्या आधीचा विषय म्हणून हा ठराव चिटणिसाकडे आठ दिवस अगोदर लेखी द्या. तोंडी दिला तर घेत नाहीत.